पायाखालच्या दगडाची ओळख

[मिहानच्या कुंपणालगतच्या एका गांवीं, शाळेच्या पटांगणांत, गेल्या आदित्यवारीं गांवच्या मास्तरांनीं केलेलें भाषण. शेतकरी व कारागीर वाचकांच्या उपयोगाचें वाटल्यावरून तें येथें देत आहों.]



आज मी कोणा संतावर किंवा पुढाऱ्यावर बोलावयास उभा राहिलों नाहीं. मी बोलणार आहें तो तुमच्या पायाखालच्या दगडावर. टेबलावर हे पांच दगड मांडलेले पाहून मघांशीं मागच्या रांगेंत कोणी म्हणालें कीं, मास्तरानें आतां गोट्यांचा खेळ मांडला. हंसा, हरकत नाहीं. पण जो हंसला त्याच्याच आजाच्या विहिरींतला यांतला एक दगड आहे, एवढें त्यानें ध्यानांत ठेवावें.

जमिनीच्या पोटांत काय आहे, तें कसें झालें आणि केव्हां झालें, याचा शोध करणाऱ्या विद्येला भूगर्भशास्त्र किंवा भूशास्त्र म्हणतात. नांव जड आहे, विद्या जड नाहीं. ज्यानें विहीर खणली, खाण फोडली, जातें टांकलें, पाटा घडविला, मडक्यासाठीं माती निवडली, त्याच्या हाताला ही विद्या लागलेलीच आहे. फरक एवढाच कीं त्याच्या हातचें ज्ञान त्याच्याबरोबर सरणावर गेलें, कागदावर आलें नाहीं. हा फरक लहान नव्हे. आजचें माझें सगळें बोलणें त्याच फरकाविषयीं आहे.

प्रथम घरची गोष्ट सांगतों. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या बाबांनीं कर्ज काढून विहीर खणावयास घेतली. जागा एका पाणाड्यानें दाखविली. त्यानें तळहातावर नारळ आडवा धरला, नारळ उभा राहिला, पाणाड्यानें दक्षिणा घेतली आणि जेवून गेला. कामाला वडारांची टोळी होती. वर काळी माती, मग पांढऱ्या चुनखडीचे खडे, मग मुरूम, आणि मग दगड लागला. टोळींत एक म्हातारा होता. त्यानें दगडावर दोन ठिकाणीं घण मारला, मग उठून नाल्याच्या कांठाला गेला, तेथल्या उघड्या दगडावरहि मारून पाहिला, आणि बाबांना म्हणाला, "भाऊ, इथं खंदू नोका. हा दगड घंटीवानी वाजते. वाजणाऱ्या दगडात पानी नाई राहत. तिकडं नाल्याकडं सरका, तिथला दगड बदबद वाजते."

बाबांनीं ऐकलें नाहीं. नारळ उभा राहिला होता ना! चाळीस फूट गेलों, सुरुंग लावले, कर्ज दुप्पट झालें. पाणी लागलें नाहीं. कांहीं वर्षांनीं शेजाऱ्यानें नाल्याकडच्या अंगाला खणलें, त्याला बावीस फुटांवर पाणी लागलें. पाहून बाबा दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत.

पुढें मी मास्तरकीच्या शिक्षणासाठीं अध्यापक विद्यालयांत होतों. तेथल्या कपाटांत भूशास्त्राचें एक जुनें पुस्तक मिळालें. त्यांत आपल्या काळ्या दगडाचें वर्णन होतें. हा दगड म्हणजे जमिनीच्या भेगांतून वर आलेला तप्त रस. तो थरावर थर पसरत गेला आणि थिजला. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वाफेचे बुडबुडे अडकले, तो भाग सच्छिद्र व तडकलेला राहिला. तोच लवकर कुजतो, आणि पाणी धरतो. थराचें पोट मात्र भरीव असतें. त्यांत उभ्या भेगा असल्या तर त्यांतून पाणी झिरपतें, नसल्या तर थेंब नाहीं. भरीव दगडावर घण मारला कीं तो खणखणतो. कुजका, फुटका दगड बदबद वाजतो. म्हणजे म्हाताऱ्याचें बोलणें अक्षरशः खरें होतें. तें वाचून मला आनंद झाला नाहीं, राग आला. त्या म्हाताऱ्याचें नांव आमच्या घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. पाणाड्याचें नांव मात्र आजहि सर्वांना पाठ आहे.

आतां ही विद्या जगांत उभी कोणीं केली तें ऐका. स्कॉटलंड देशांत जेम्स हटन नांवाचा गृहस्थ होता. जन्म १७२६ चा. वैद्यकी शिकला, पण दवाखाना न थाटतां बर्विकशायर परगण्यांतली वडिलोपार्जित शेती करूं लागला. पावसाळ्यांत शेताची माती ओढ्याला वाहून जाते हें तुम्हींआम्हीं दर साल पाहतों आणि हळहळतों. हटननें पाहिलें आणि विचार केला. ही माती जाते कोठें? समुद्रांत. तेथें थर बसतात, दाबानें त्यांचा दगड होतो, तो पृथ्वीच्या पोटांतल्या उष्णतेनें वर उचलला जातो, पुन्हां झिजतो, पुन्हां माती होते. हें चक्र फिरावयास किती काळ लागेल? त्या वेळीं तिकडच्या धर्मपंडितांनीं पोथीवरून हिशेब काढून ठेवला होता कीं पृथ्वीचें वय सहा हजार वर्षें. हटनच्या शेताला तेवढीं वर्षें पुरेनात. १७८५ सालीं त्यानें आपलें म्हणणें एडिंबरोच्या विद्वत्सभेपुढें मांडलें. या शास्त्राचा पाया असा एका शेतकऱ्यानें बांधावर उभें राहून घातला.

दुसरा विल्यम स्मिथ. हा इंग्लंडांतल्या एका खेड्यांतल्या लोहाराचा मुलगा, जन्म १७६९. बाप लहानपणींच वारला. शाळा खेड्यापुरतीच. जमीन मोजण्याचें काम शिकला आणि कोळशाच्या वाहतुकीसाठीं कालवा खणावयाचा होता त्यावर लागला. कालवा खणतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं दगडांचे थर एका ठरलेल्या क्रमानें येतात, आणि प्रत्येक थरांत अमुकच जातीचे शंखशिंपले दगड होऊन बसलेले असतात. शंख ओळखला कीं थर ओळखला. मग या एकट्या माणसानें वर्षानुवर्षें मैलोन्‌मैल हिंडून १८१५ सालीं इंग्लंड-वेल्सचा रंगीत नकाशा काढला; कोणत्या भागांत कोणता दगड तें एका दृष्टिक्षेपांत दिसावें असा. आणि त्याचें फळ? लंडनच्या श्रीमंत विद्वानांची भूशास्त्र सभा १८०७ पासून होती. तिनें या लोहाराच्या मुलाला दारांत उभें केलें नाहीं. उलट सभेनें स्वतःचा दुसरा नकाशा १८२० सालीं बाजारांत आणला. त्याआधींच, १८१९ सालीं, स्मिथला कर्जापायीं तुरुंगांत बसावें लागलें. पुढें १८३१ त त्याच सभेनें त्याला आपलें पहिलें पदक दिलें, तेव्हां तो साठी ओलांडलेला होता.

माताभगिनी बसल्या आहेत म्हणून मेरी ॲनिंगचें नांव घेतों. ही समुद्रकांठच्या एका सुताराची मुलगी. जन्म १७९९. कड्यांतून दगड झालेले प्राणी खणून काढून विकावे आणि घर चालवावें. मोठमोठ्या पंडितांनीं तिच्याकडचे सांगाडे विकत घेऊन त्यांवर निबंध लिहिले. तिला त्या सभेचें सभासद होतां आलें नाहीं. बायकांना तेथें प्रवेश १९१९ सालीं मिळाला, आणि ती तर १८४७ सालींच वारली होती.

हें सगळें परदेशांतलें झालें. आतां आपल्या वर्धा रोडवर येऊं.

हटनची शेती ज्या बर्विकशायरांत होती, त्याच परगण्यांत डन्स या गांवीं १८१७ सालीं स्टीफन हिस्लॉप जन्मले. पाद्री होऊन ते १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांच्या नांवाचें कॉलेज आपणांस ठाऊक आहे. त्यांची दगडांची कीर्ति फारशी कोणाला ठाऊक नाहीं. नागपूरच्या वायव्येस टाकळी गांव होतें, आतां तें शहरांत मिसळलें आहे. तेथें काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मध्यें एक पातळ, निराळाच थर त्यांना दिसला. भाकरीवर भाकरी ठेवावी आणि मध्यें फडकें घालावें तसा. त्या थरांत गोड्या पाण्यांतल्या गोगलगाईंचे शंख, माशांचे खवले, झाडांचीं फळें-बिया, किड्यांचे पंख, सगळें दगड होऊन बसलेलें. याचा अर्थ काय? अग्निरसाचा एक पूर आला आणि थिजला. मग इतका काळ गेला कीं त्यावर माती झाली, झाडें वाढलीं, तळीं सांचलीं, तळ्यांत मासे पोहले. आणि मग दुसरा पूर येऊन सगळें झांकून गेला. हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनीं हें लिहून लंडनच्या त्याच भूशास्त्र सभेकडे पाठविलें. तो निबंध १८५५ सालीं छापून आला. तेव्हांपासून टाकळीचें नांव जगांतल्या भूशास्त्र्यांना माहीत आहे. टाकळींतल्याच एका हिरवट खनिजाला विलायतेच्या पंडितांनीं हिस्लॉपाइट असें नांवहि दिलें.

मला येथें एक गोष्ट खटकते ती बोलून टाकतों. त्या खाणींत घण मारणारे, शंख वेंचून आणून देणारे हात कोणाचे होते? एकटा पाद्री तर सगळा दगड फोडीत नव्हता. त्या हातांचीं नांवें कोठें उरलीं नाहींत. हिस्लॉपांचा यांत दोष आहे असें मी म्हणत नाहीं. त्यांनीं निदान पोथींत काय आहे तें बाजूला ठेवून दगडांत काय आहे तें पाहिलें, आणि तें करतांनाच त्यांचा शेवट झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते टाकळघाटचीं जुनीं दगडी वर्तुळें पाहून बोरीकडे परतत होते. पावसानें ओढ्याला पूर आला होता. घोड्यावरून ओलांडतांना ते बुडाले. बुटीबोरीला जातांना आपण जो मुलूख ओलांडतों, तोच हा.

हा काळा दगड किती जुना? पूर्वीं अदमासानें सांगत. आतां दगडांतले कांहीं मूलकण ठराविक गतीनें बदलत जातात, त्यावरून घड्याळासारखा हिशेब काढतां येतो. त्या हिशेबानें हा दगड सुमारें साडेसहा कोट वर्षांचा ठरतो. आपण बसलों आहों तेथपासून सह्याद्रीपर्यंत तो पसरला आहे. आजहि त्यानें सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि व्यापिली आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी मैलाच्या आसपास जाते, आपण त्याच्या कांठावर असल्यामुळें येथें तो पातळ आहे. त्याच सुमारास पृथ्वीवरचे प्रचंड सरडे, ज्यांना डायनासोर म्हणतात, नाहींसे झाले. चांद्याकडे वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गांव आहे; तेथील शेतांतून त्यांचीं हाडें निघालेलीं आहेत.

नागपूर हें भूशास्त्राच्या दृष्टीनें तिठ्यावर बसलेलें गांव आहे. पश्चिमेस व दक्षिणेस आपला काळा दगड. पूर्वेस भंडाऱ्याकडे त्याहून कितीतरी जुना, अब्जावधी वर्षांचा, पट्टेदार दगड. उत्तरेस कामठी-सिलेवाड्याकडे वाळूचा दगड आणि त्याच्याजवळ कोळसा. आतां पिकें आठवा. काळा दगड कुजून काळी माती होते, ती पाणी धरते, फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, तिच्यावर कापूस. पूर्वेकडची माती हलकी, पाणी धरून ठेवीत नाहीं. म्हणून तेथें कोहळी समाजानें तलाव बांधले आणि धान पिकविलें. म्हणजे इकडचा माणूस भाकर खातो आणि तिकडचा भात खातो, याचें मूळ दगडांत आहे. जुन्या बंदोबस्तांत काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी जमिनीची प्रत लावीत. ती प्रतहि अखेर एवढीच विचारते कीं खालचा दगड किती कुजला आणि कुजलेली माती पाण्यानें कोठें नेऊन टाकली.

कामठीच्या बाजूच्या दगडांत जिभेच्या आकाराच्या पानाचे ठसे मिळतात. त्या झाडाला ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात. तेंच पान आफ्रिकेंत, ऑस्ट्रेलियांत, दक्षिण अमेरिकेंत सांपडलें. १९१२ सालीं दक्षिण ध्रुवावरून परततांना स्कॉट नांवाचा इंग्रज व त्याचे सोबती बर्फांत मेले. मरेपर्यंत त्यांनीं पस्तीस पौंड दगड ओढीत आणले होते, त्यांतहि हेंच पान निघालें. सातां समुद्रांपलीकडे एकच झाड कसें? हे सगळे देश पूर्वीं एकमेकांना जोडलेले होते म्हणून. त्या जोडलेल्या महाभूमीला साऱ्या जगाचे पंडित गोंडवाना म्हणतात. आपल्या गोंडांच्या मुलखाचें नांव! ज्या गोंडाला शहरांत कोणी बसावयास चटई देत नाहीं, त्याच्या नांवानें अर्ध्या पृथ्वीचा इतिहास लिहिला जातो, आणि त्याच्या मुलाला शाळेंत तें कोणी सांगत नाहीं.

विद्या कागदावर आली म्हणजे काय होतें, याची एक गोष्ट नागपूरचीच आहे. आपला अजब बंगला १८६३ सालीं सुरू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी लोखंडाच्या शोधांत मध्यप्रांतांत हिंडत होते. हातीं कांहीं लागेना. आम्हीं नाद सोडतों असें सांगावयास ते नागपुरास अधिकाऱ्याकडे गेले, अधिकारी भेटावयास वेळ होता, म्हणून समोरच्या अजब बंगल्यांत शिरले. तेथें भिंतीवर भूशास्त्राचा नकाशा टांगलेला होता, आणि त्यांत दुर्गकडचा मुलूख लोखंडाच्या गडद रंगानें रंगविलेला. दोराबजी तेथूनच दुर्गकडे वळले. असें त्या कारखान्याच्या इतिहासांत सांगतात.

तो रंग त्या जागीं कसा आला? भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षण खातें १८५१ सालीं थॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखालीं सुरू झालें होतें. त्यांतले प्रमथनाथ बोस यांनीं त्या भागांत फिरून तेथील गांवठी लोखंडाच्या भट्ट्यांवर १८८७ सालीं टिपण छापलें. ध्यानांत घ्या, भट्ट्यांवर! म्हणजे तेथील गरीब लोक त्या डोंगरांचा दगड आणून, कोळसा घालून, भाता मारून लोखंड गाळीतच होते. कोणता दगड जड, कोणता लोखंडाचा, तें त्यांना माहीत होतें. त्यांच्या भट्टीच्या धुरावरून साहेबाला डोंगराची वाट सांपडली. पुढें बोसांनींच १९०४ सालीं टाटांना पत्र लिहून मयूरभंजाकडचे डोंगर दाखविले, कारखाना जमशेदपुरास गेला. दल्ली-राजहऱ्याचे हे डोंगर १९५९ पासून भिलाईच्या कारखान्याला पुरत आले आहेत. भाता मारणाऱ्याचा मुलगा त्या खाणींत टोपली उचलावयास लागला. त्याच्या बापाला जें ठाऊक होतें त्याचा नकाशा झाला, आणि नकाशा त्याला वाचतां येत नव्हता.

म्हणून मी म्हणतों, मुलांना आणि मुलींना हा नकाशा वाचावयास शिकवा. यासाठीं विलायतेस जावें लागत नाहीं. नागपूर विद्यापीठांत या शास्त्राचा विभाग आहे. सेमिनरी हिल्सवर सर्वेक्षण खात्याचें मध्य विभागाचें कार्यालय आहे. पाणी शोधण्यासाठीं राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून आहे. विंधन विहिरीपायीं कर्जांत बुडण्यापूर्वीं तेथें अर्ज करावा. तेथला माणूस नारळ आणणार नाहीं, पण दगड विचारील. आणि त्यानें विचारलें कीं तुमच्या शेजारच्या विहिरींत मुरूम किती फुटांवर संपला, तर सांगावयास आपल्याजवळ उत्तर पाहिजे.

येथेंच माझी अडचण आहे. मिहान हें कांहीं गांवाचें नांव नव्हे. इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून केलेलें नांव आहे, जुन्या सातबारावर तें सांपडावयाचें नाहीं. सातबारावर शिवणगांव, खापरी, तेल्हारा, दहेगांव, कलकुही अशीं नांवें होतीं. प्रकल्पाची कंपनी २००२ सालीं स्थापन झाली, त्यानंतर जमिनी गेल्या, त्यांबरोबर विहिरीहि गेल्या. मोबदल्याचा वाद आज या सभेंत मी काढीत नाहीं. त्यासाठीं निराळी सभा होईल आणि मी तेथें येईन. पण मोबदल्याच्या कागदांत विहीर म्हणजे एक आंकडा असतो. ती किती खोल, वर काळी किती, चुनखडी किती, मुरूम किती, कठीण दगड कोठें लागला, झरा कोणत्या बाजूचा, आणि मृगापूर्वीं पाणी कोठवर राहत होतें, हें त्या कागदांत नाहीं. तें फक्त तुमच्या डोक्यांत आहे. खापरीपर्यंत मेट्रो आली, तिचे खांब रोवतांना आपण सगळ्यांनीं कांठावर उभें राहून खड्ड्यांतला दगड पाहिला. आपल्यांतल्या किती जणांनीं तो कोठें लागला तें लिहून ठेवलें? मीहि नाहीं ठेवलें. मास्तर असून.

म्हणून एक वही केली आहे, ती ही. प्रत्येक विहिरीला एक पान. पहिल्या पानावर आमच्या बाबांची कोरडी विहीर आहे, चाळीस फूट, तळाला भरीव काळा दगड. खणणाराच्या नांवाची ओळ मला रिकामी सोडावी लागली. दुसऱ्या पानावर शेजाऱ्याची बावीस फुटांची. आतांपर्यंत अकरा पानें झालीं आहेत, तेवढ्यावरूनहि दिसूं लागलें आहे कीं नाल्याच्या या अंगाला सच्छिद्र थर उतरत उतरत पूर्वेकडे जातो. आणखी तीस-चाळीस विहिरी मिळाल्या तर मोठीं मुलें आणि मी मिळून गांवाचा नकाशा काढूं. विहीर ज्यांनीं खणली त्यांचें नांव, मालकाच्या नांवाच्या वर, प्रत्येक पानावर लिहावयाचें ठरविलें आहे. वडार वस्तींतल्या म्हाताऱ्यांना मी स्वतः जाऊन बोलाविणार आहें.

दर आदित्यवारीं सकाळीं आठ वाजतां मी शाळेच्या व्हरांड्यांत बसेन. ज्यांच्या विहिरी अजून शेतांत आहेत त्यांनीं सावकाश आलें तरी चालेल. त्या पुन्हां दोर सोडून मोजतां येतील. ज्यांच्या विहिरी कुंपणाच्या आंत रस्त्याखालीं बुजल्या, त्यांनीं आधीं यावें. माप हातांत सांगा, परसांत सांगा, मोटेच्या दोराच्या लांबीवरून सांगा. फूट मी करून घेईन.